आजचे मनन : अडलेला स्क्रू

इंदापूरला वडिलांच्या छऱ्याच्या बंदुकीचा लाकडी दस्ता चिरला होता. नवा बसवायचा, तर जुन्याचा स्क्रू गंजून जाम. बंदूक रिकामी असल्याची खात्री केली (तुम्हीही करा) आणि जोर लावला. स्क्रू ड्रायव्हर घसरला, खाच बिघडली.

शेवटी बारामतीला मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक घासून खाचेत गच्च बसेल असं केलं. तेल रात्रभर मुरू दिलं. सकाळी तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या माथ्याला टेकवलं. लोखंड तापून फुगतं, निवताना आखडतं, गंजाची पकड ढिली होते. मग आधी किंचित आवळला, नंतर उलटा फिरवला. कर्रकन हलला!

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन हळूहळू आवरायला सांगितलंय. रोज वाचतो मी ते.

वडील काहीच बोलले नाहीत. जुना दस्ता मात्र चुलीत घालू दिला नाही.