लॉनला मोजून पाणी

फवाऱ्यांच्या खरेदीला निघण्याआधी जागा, पाणी आणि दाब या तिन्हींची मापं कागदावर उतरलेली हवीत. "पाचशे फुटांचं लॉन आहे, बसेल तेवढं द्या" असं दुकानात सांगून आणलेली यंत्रणा एका कोपऱ्यात चिखल करते आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं गवत वाळवते. पुणे-नाशिककडे बंगल्यापुढे असतं तसं ३० बाय १५ फुटांचं, म्हणजे साधारण ४२ चौरस मीटरचं लॉन इथे धरलं आहे. तुमचं मोठं असेल तर त्याचे भाग पाडून प्रत्येक भागाला हाच हिशेब लावा.

एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरलं की एक मिलिमीटरचा थर होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या पठारावर लॉनला दिवसाला साधारण ५ मिमी पाणी लागतं, थंडीत २ ते ३. म्हणजे या लॉनला उन्हाळ्यात रोज २१० लिटर, आठवड्याला दीड हजाराच्या आसपास. हे पाणी टाकीत किंवा बोअरमध्ये नसेल, एप्रिल लागताच टँकर मागवावा लागत असेल, तर लॉन आत्ताच अर्धं करा आणि उरलेल्या जागेत ठिबकवर झुडपं लावा. पाइप जमिनीत गेल्यावर हा निर्णय घेणं फार जड जातं.

आता दाब. पाण्याची पातळी दहा मीटर उंच असेल तर खाली साधारण एक किलोचा दाब मिळतो. दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून अंगणात जेमतेम तेवढाच येतो. पॉप-अप फवाऱ्याला मात्र नोझलपाशी दोन किलो हवा असतो, म्हणून मोटर लागतेच. ती टाकीला जोडा, महापालिकेच्या नळाला थेट कधीही नाही. तसं करणं बेकायदा आहेच. शिवाय मोटरच्या ओढीने फुटक्या जोडांमधून गटाराचं पाणी आत खेचलं जातं आणि ते सगळ्या गल्लीच्या पिण्यात येतं.

मांडणीचा नियम एकच: एका फवाऱ्याचं पाणी शेजारच्या फवाऱ्याच्या पायाशी पोचलं पाहिजे. १५ फूट फेक असलेले सहा फवारे घ्या. चार कोपऱ्यांत पाव वर्तुळाचे, दोन्ही लांब कडांच्या मध्यावर अर्ध्या वर्तुळाचे. पाव वर्तुळाचं नोझल मिनिटाला सुमारे साडेतीन लिटर पाणी टाकतं, अर्ध्याचं सात. एकूण २८ लिटर. खर्च वाचवायला मधले दोन गाळले तर मेमध्ये मधोमध करडे डाग दिसतील, आणि ते भिजवायला टायमर वाढवला की कोपरे कुजतील. मोटर घेताना अश्वशक्तीवर जाऊ नका. सोबतच्या तक्त्यात २५ ते ३० मीटर हेडला, म्हणजे अडीच-तीन किलो दाबाला, ती मिनिटाला किती लिटर देते ते बघा. ३५ मिळत असतील तर सहाही फवारे एकदम चालतील. कमी मिळत असतील तर तीन-तीनच्या दोन लाइनी करा आणि प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व्ह द्या.

सामान असं: २५ मिमीचा पीव्हीसी पाइप, त्याचे एल्बो आणि टी, सॉल्व्हंट, टेफ्लॉन टेप, जाळीचा फिल्टर, फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टायमर आणि त्यावर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. पॉप-अप किमान ४ इंच वर येणारे घ्या. त्याहून ठेंगणे वाढलेल्या गवतात अडकतात. मोटरची वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि त्या लाइनला ईएलसीबी बसवा, कारण इथे ओल्या जमिनीवर लहान मुलं अनवाणी खेळणार आहेत.

फवाऱ्यांच्या जागी खुंट्या ठोका, दोरी बांधा आणि कडेकडेने ८ इंच खोल चर खणा. जुनं लॉन असेल तर वरची हरळी मातीच्या थरासकट चौकोनी कापून गोणपाटावर सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी परत बसवा. तळाला दोन बोटं चाळलेली रेती टाकून त्यावर पाइप ठेवा. टोकदार खडा पाइपला आज काही करत नाही, पण वरून माणसं चालून चालून वर्षभरात तिथेच चीर जाते. सॉल्व्हंट लावण्याआधी टोकं कोरड्या फडक्याने पुसा आणि जोड डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका सुकू द्या.

पुढची पायरी हमखास गाळली जाते. फवारे बसवण्याआधी सगळी तोंडं उघडी ठेवून मोटर चालू करा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. पाइपमध्ये शिरलेली माती आणि करवतीचा भुसा आत्ताच गेला नाही तर तो सरळ नोझलमध्ये जाऊन बसेल. मग फवारे लावा, त्यांची टोपी जमिनीच्या पातळीत आणा आणि चर उघडे असतानाच अर्धा तास लाइन चालवून प्रत्येक जोड हाताने चाचपा. गळती नसेल तरच माती लोटा. बुजवण्याआधी चराचे फोटो काढून ठेवा. पुढे तिथे फावडं चालवणाऱ्या माळ्याला ते लागतील.

आता खरी परीक्षा. सरळ भिंतींचे एकसारखे दहा-बारा डबे लॉनवर विखरून ठेवा, १५ मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येकातलं पाणी पट्टीने मोजा. या मांडणीत सरासरी १० मिमी यायला हवं. एखाद्या डब्यात निम्मंच आलं तर त्या बाजूचा फवारा तिरका असेल किंवा नोझल चुकीचं बसलं असेल. ते दुरुस्त होईपर्यंत टायमरला हात लावू नका.

वेळ पहाटेची. तेव्हा वारा नसतो आणि ऊन चढेपर्यंत पाती कोरडी होतात. संध्याकाळी भिजवलेलं गवत रात्रभर ओलं राहून बुरशी धरतं. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा उन्हाळ्यात एक दिवसाआड १० मिमी द्या, म्हणजे मुळं खाली उतरतील. काळी माती सलग १५ मिनिटांचं पाणी पीत नाही, ते वाहून रस्त्यावर जातं. म्हणून पाच-पाच मिनिटांचे तीन हप्ते करा, मध्ये अर्धा तास सोडा. मुरमाड जमिनीत उलट: पाणी पटकन झिरपून जातं, तेव्हा रोज पाच मिमी बरं. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. चार-पाच इंच सहज गेला तर पाणी पुरेसं आहे, वरच अडला तर कमी पडतंय. थंडीत चार दिवसांआड तेवढंच पाणी पुरतं.

कडेच्या झाडांना वेगळी लाइन हवी. जळगावच्या केळीत असते तसली १६ मिमीची काळी नळी, तिला ताशी ४ लिटरचे ड्रिपर आणि शेवटी उघडता येणारं बूच. ठिबक तासभर चालतं, फवारे मिनिटांत आटपतात. दोन्ही एकाच व्हॉल्व्हवर घेतले की एकाचं नुकसान ठरलेलं.

देखभालीत फिल्टरला पहिला मान. दोन्ही गेजमधला फरक ०.३ किलोपर्यंत गेला की जाळी काढून मऊ ब्रशने वाहत्या पाण्यात धुवा. ठिबकचं बूच पंधरवड्यातून एकदा उघडून नळी वाहू द्या. बोअरच्या पाण्याने ड्रिपरवर पांढरे क्षार धरले तर ते काढून पातळ व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवा. शेतात वापरतात ते तीव्र आम्ल घरी आणू नका, आणि ब्लीचिंग पावडरजवळ कोणतंही आम्ल नेऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. खारी आणि उंदीर उन्हाळ्यात नळी कुरतडतात, म्हणून चार जॉइनर आणि हातभर नळी घरात असू द्या. गवत कापल्यावर प्रत्येक फवाऱ्याभोवती कात्रीने बोटभर जागा मोकळी करा.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की टायमर बंद करा, पण महिन्यातून एकदा मोटर दोन मिनिटं चालवा. नाहीतर ती जाम होते. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर हाताने एक फेरी द्या. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सुरू करताना आधी फिल्टर धुवा, कडेची दोन नोझलं काढून लाइन फ्लश करा आणि डब्यांची चाचणी परत घ्या. नोझल बदलावं लागलं तर जुनं सोबत नेऊन त्याच कंपनीचं, त्याच फेकीचं आणि त्याच कोनाचं आणा.