पाठ : पोकलेन जोडू या



या वेळच्या पाठाला पुस्तकातला उतारा नाही, एक खेळणे आहे. लेगो कंपनीच्या 'टेक्निक' मालिकेतला 'हेवी-ड्यूटी एक्स्कॅव्हेटर' हा संच, क्रमांक ४२१२१. तो २०२१ साली बाजारात आला. त्यात ५६९ तुकडे आहेत आणि तो ८ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे. या तुकड्यांतून माती खणणारे पिवळे यंत्र तयार होते. तेच तुकडे सुटे करून दुसऱ्या रीतीने जोडले की ट्रॅक्टर होतो.

या पाठाची तीन कामे आहेत. खेळणे घेण्यासारखे आहे का, ते पाहणे हे पहिले. त्यानिमित्ताने काही मराठी शब्द आणि व्याकरणाचा एक नियम पक्का करणे हे दुसरे. तिसरे आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आजी-आजोबा आणि नातवंडे यांनी एका टेबलाशी बसून मराठीत बोलणे.

१. याला मराठीत काय म्हणायचे?

आपल्या गावात कुठेही नवी इमारत उभी राहत असली की मुले बोट दाखवून म्हणतात, "बागेर!" हा शब्द जर्मन भाषेतून हिब्रूत आला. पुस्तकी हिब्रूत याच यंत्राला 'माखपेर' म्हणतात. शाळेत तुम्ही खेत-पे-रेश हा धातू शिकला आहात, त्यापासूनच तो बनला. खणणारे ते माखपेर.

महाराष्ट्रात याला 'पोकलेन' म्हणतात. फ्रान्समध्ये पोक्लँ नावाची कंपनी होती, ती अशी यंत्रे बनवत असे. लोकांनी कंपनीचे नाव यंत्रालाच देऊन टाकले. 'जेसीबी'चेही तसेच झाले. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली कारखाना काढला, त्याच्या नावाची ती आद्याक्षरे. आज पुण्याजवळ तळेगावला त्या कंपनीचा कारखाना आहे. महाराष्ट्रात तर यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, लोक म्हणतात, "जेसीबी बोलवा." निवडणूक जिंकल्यावर पुढाऱ्यावर जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळतात.

दोन्ही यंत्रांतला फरक लक्षात ठेवा. जेसीबीला चार चाके असतात, पुढे मोठे बकेट आणि मागे खणणारा हात असतो. पोकलेन पट्ट्यांवर चालते, त्याला एकच लांब हात असतो आणि केबिनसकट वरचा भाग गोल फिरतो. आपल्या खोक्यातले यंत्र पट्ट्यांवर चालते, म्हणून ते पोकलेन.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "हे कसले मराठी शब्द?" त्यांना माझे नम्र उत्तर असे. पगार, बटाटा आणि चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. आज त्यांच्याशिवाय मराठी घर चालत नाही. परकी वस्तू आली की तिचे नावही बरोबर येते. ते आपल्या तोंडात बसले, आपल्या प्रत्ययांनी चालू लागले, की ते आपले झाले. 'पोकलेनने', 'पोकलेनला', 'पोकलेनचा' असे आपण म्हणतो ना? मग तो शब्द मराठी झाला.

मात्र यंत्राचे नाव परके असले तरी त्याच्या कामाची क्रियापदे आपली जुनीच आहेत, आणि ती सरमिसळ करून चालत नाहीत. विहीर खणतात. कोंबडी माती उकरते. विहिरीतला गाळ उपसतात. दगडावर अक्षरे कोरतात. हिब्रूत विचार करणारे मूल या सगळ्यांना एकच शब्द वापरू पाहते. पोकलेन या चारांपैकी कोणते काम करते आणि कोणते करू शकत नाही, हे घरी विचारा.

२. खोके उघडल्यावर

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. १९३२ साली तो लाकडी खेळणी बनवू लागला. 'लेगो' हे नाव डॅनिश भाषेतल्या 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून झाले. एकमेकांत अडकणाऱ्या विटेचे पेटंट १९५८ सालचे. दातेरी चाकांची टेक्निक मालिका १९७७ मध्ये सुरू झाली. या मालिकेत विटा जवळजवळ नसतात. ज्यांनी विटांचा लेगो पाहिला आहे ते खोके उघडून थोडे गोंधळतील.

त्यात मुख्यतः चार प्रकारचे तुकडे दिसतील.

पहिली पट्टी. तिला एका रांगेत भोके असतात. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर. म्हणून पट्टी मोजायची ती भोकांनी : पाच भोकांची, सात भोकांची.

दुसरी खुंटी. ती दोन पट्ट्यांना जोडते. बहुतेक संचांत काळी खुंटी भोकात घट्ट बसते आणि करडी खुंटी सैल फिरते. जिथे सांधा हलायला हवा तिथे घट्ट खुंटी बसवली तर पोकलेनचा हात आखडतो. 'घट्ट' आणि 'सैल' हे दोन शब्द यापेक्षा चांगले शिकवता येणार नाहीत.

तिसरा दांडा, ज्यावर चाक फिरते. त्याच्या टोकाकडे पाहिले तर अधिकचे चिन्ह दिसते. मार्गदर्शक पुस्तिकेत दांड्याचे चित्र खऱ्या मापाचे छापलेले असते. दांडा चित्रावर ठेवून पाहा, बरोबर तोच आहे का ते लगेच कळते.

चौथे दातेरी चाक. त्याचे दाते मोजता येतात.

जोडायला बसण्यापूर्वी तुकडे चार वाट्यांत किंवा ताटांत वेगळे करा. 'निवडणे' हे क्रियापद आजीला तांदळाबरोबर आठवेल, मुलांना ते इथे शिकता येईल.

३. शब्द नसलेले पुस्तक

या संचातली मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू तुकड्यांमध्ये नाही. ती आहे मार्गदर्शक पुस्तिका. तिच्यात जोडणीच्या पायऱ्या केवळ चित्रे, आकडे आणि बाण यांनी दाखवल्या आहेत. एकही वाक्य नाही. खेळणे अनेक देशांत विकायचे, म्हणून कंपनीने भाषाच काढून टाकली.

आपल्या घरांची स्थिती पाहा. पुष्कळ आजी-आजोबांना हिब्रू बोलता येते, पण वाचताना अडते. नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. मराठी "कळते, पण बोलता येत नाही" असे ती सांगतात. मराठीतली गोष्ट वाचायची तर मूल मागे पडते, हिब्रूतली वाचायची तर आजोबा मागे पडतात. या पुस्तिकेपुढे मात्र दोघेही सारखेच. दोघांनाही चित्र पाहूनच पुढे जायचे आहे.

पण यात धोकाही आहे. पुस्तिकेला भाषा लागत नाही, तेव्हा जोडणारालाही लागत नाही. मूल मान खाली घालून सगळे पोकलेन मुकाट्याने जोडील आणि आजी शेजारी बसून कौतुकाने पाहत राहील. पोकलेन होईल, मराठी होणार नाही. आपली भाषा अशीच मुकाट्याने जाते. तिच्याशी कोणी भांडत नाही, कोणाला तिची गरजच पडत नाही.

म्हणून आपल्या वर्गाचा एक नियम. तुकडे मोठ्यांच्या ताब्यात, जोडणी मुलांच्या हातात. मराठीत मागितल्याशिवाय तुकडा मिळणार नाही. वाक्य मोडके असले तरी चालेल, मोठ्यांनी हसू नये. ते वाक्य नीट करून एकदा म्हणावे आणि तुकडा द्यावा.

"आजी, पाच भोकांची पिवळी पट्टी दे ना."
"ही घे. आता कुठे बसवणार?"
"आजोबा, ही खुंटी बसत नाही, बघा ना."
"उलटी धरलीस रे. फिरव, मग बसेल."

या चार ओळींत व्याकरणाचा आपला आजचा नियम दडला आहे. खुंटी आपोआप बसते, आपण ती बसवतो. चाक फिरते, आपण ते फिरवतो. पट्टा निघतो, आपण तो काढतो. सांधा सुटतो, आपण तो सोडतो. काम आपोआप घडते की आपण घडवतो, हे मराठी क्रियापदच सांगते.

दुसरी गंमत भूतकाळाची. मी पट्टी लावली, मी दांडा लावला, मी चाक लावले. लावणारा तोच, तरी क्रियापद तुकड्याप्रमाणे बदलले. हिब्रूत लिंगे दोन, मराठीत तीन. आपली मुले 'चाक'पाशी अडखळतात ती यामुळेच. तिसऱ्या लिंगाची सवय तक्ता पाठ करून होत नाही. पाचशेहून अधिक तुकडे एकेक करून 'लावला, लावली, लावले' म्हणत जोडले, की होते.

४. हे चालते कसे?

खऱ्या पोकलेनचा हात तेलाच्या दाबाने हलतो. नळकांड्यात तेल दाबले की दट्ट्या पुढे सरकतो आणि हात उचलला जातो. खेळण्यात तेल नाही. टेक्निकच्या पुष्कळ यंत्रांत तेच काम मळसूत्र करते. हे सुंदर शब्द तुमच्या आजोबांना शाळेत होते : मळसूत्र, तरफ, टेकू, कप्पी, पाचर. मळसूत्राचा गुण असा की ते फिरवल्यावर दांडा हळूहळू सरकतो आणि हात काढला तरी मागे येत नाही. म्हणून उचललेले बकेट कोसळत नाही.

दातेरी चाकांचे गणित सोपे आहे. ८ दात्यांच्या चाकाने २४ दात्यांचे चाक फिरवले, तर लहान चाकाचे तीन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक होतो. वेग तिसरा हिस्सा झाला, जोर मात्र जवळजवळ तिप्पट झाला. यंत्र काही फुकट देत नाही. जोर हवा तर वेग द्यावा लागतो.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. बैल सावकाश गोल फिरायचा, घाण्याची लाट उखळात फिरायची आणि तिच्या दाबाने तिळातून तेल निघायचे. सावकाश गोल फिरण्यातून मोठा जोर कसा काढायचा, हीच ती विद्या. पोकलेनचे बटण फिरवताना मुलांना हे जरूर सांगा.

५. गुण, उणिवा आणि माझे मत

गुण आधी सांगतो. याला बॅटरी लागत नाही, मोटार नाही. सगळे हाताने फिरवायचे, म्हणून कोणत्या चाकाने काय हलते ते डोळ्यांना दिसते. याच मालिकेत लीबहेर कंपनीच्या प्रचंड पोकलेनचा एक संच २०१९ साली आला. त्याचे ४१०८ तुकडे, सात मोटारी, आणि तो मोबाइलवरून चालतो. तो थाटाचा खरा, पण आपल्या कामाचा नाही. मुलाच्या हातात फोन आला की शेजारच्या आजोबांकडे कोण पाहणार?

दुसरा गुण, एकातून दोन यंत्रे होतात. ट्रॅक्टर करायचा तर पोकलेन मोडावे लागते, मुलांना त्याचे वाईट वाटते. पण मोडताना 'काढणे, सोडवणे, उलगडणे' ही क्रियापदे येतात, तेव्हा तोही एक पाठच.

आता उणिवा. तुकडे बारीक आहेत. सांधे दुखणाऱ्या बोटांना खुंट्या बसवणे जड जाते, म्हणूनही जोडणी मुलांकडे दिलेली बरी. टेबलावर पांढरी चादर घाला, म्हणजे काळ्या खुंट्या दिसतील. तीन वर्षांखालचे भावंड जवळ असेल तर फार जपा. आणि हे पोकलेन खऱ्या वाळूत नेऊ नका, दात्यांत वाळू शिरली की चाके अडकतात.

माझे मत विचाराल तर आठ ते बारा वर्षांच्या मुलाला हा संच जरूर द्यावा. पण देताना एक माणूसही बरोबर द्यावा, मराठी बोलणारा. दोन-तीन घरांनी मिळून एक संच घेतला आणि आळीपाळीने वापरला तरी चालेल. जुना, वापरलेला मिळाला तरी काही बिघडत नाही.

शब्दार्थ

घट्ट : न हलणारे. सैल : ढिले, सहज हलणारे. दट्ट्या : नळकांड्यात मागेपुढे सरकणारा भाग. तरफ : टेकूवर टेकवून वजन उचलण्याचा दांडा. मळसूत्र : आटे पाडलेला दांडा, स्क्रू. आळीपाळीने : एकामागून एक.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : मी पट्टा लाव___. मी खुंटी लाव___. मी बटण लाव___. मी चार चाके लाव___.

२. 'बसणे–बसवणे' यासारख्या आणखी पाच जोड्या शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.

३. जेसीबी आणि पोकलेन यांतील तीन फरक तोंडी सांगा.

४. ८ दात्यांच्या चाकाने ४० दात्यांचे चाक फिरवले, तर मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यासाठी लहान चाकाचे किती फेरे होतील?

५. पहार, टिकाव, कुदळ, फावडे, घमेले, ओळंबा. यांतली कोणती वस्तू कशासाठी वापरतात, ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. चित्र काढा, खाली नाव देवनागरीत लिहा. त्यांनी यादीत नसलेला एखादा शब्द सांगितला तर तोही लिहून आणा. पुढच्या वर्गाची सुरुवात आपण त्याच शब्दांनी करू.