‘फेल’ रिक्वेस्ट खरंच फेल झाल्या का?

प्रश्न : प्रवेश अर्जाच्या आमच्या वेबसाइटवर अपाची बेंच (एबी) चालवून पाहिलं. एकूण १००० रिक्वेस्ट, एका वेळी ५०. तीनशेच्या वर ‘फेल्ड’ दाखवतंय. ब्राउझरमध्ये मात्र पान व्यवस्थित उघडतं. मोठा सर्व्हर घ्यावा का?

उत्तर : खर्चाची घाई नको. ‘फेल्ड रिक्वेस्ट्स’च्या खाली कंसात एक ओळ असते: कनेक्ट, रिसीव्ह, लेन्थ, एक्सेप्शन्स. सगळा आकडा ‘लेन्थ’समोर असेल, तर बहुधा काही बिघडलेलं नाही. एबी पहिल्या उत्तराची लांबी प्रमाण धरतं. पुढच्या उत्तरात एका बाइटचा फरक पडला तरी नापास. पानावरच्या उरलेल्या जागा १०० वरून ९९ झाल्या, की एक अंक कमी झालाच! आवृत्ती २.४.७ पासून ‘-एल’ (लहान लिपीतला) हा पर्याय आहे. तो दिला की लांबीतला फरक चूक धरला जात नाही.

पण आधी ‘नॉन-टूएक्सएक्स रिस्पॉन्सेस’ ही ओळ आली आहे का बघा. एरर पानाची लांबीही वेगळीच असते, त्यामुळे खरी चूकसुद्धा ‘लेन्थ’मध्ये लपते. तसं असेल तर सर्व्हरचा लॉग उघडा.

सरासरी वेळेवर मी तरी विश्वास ठेवत नाही. शेवटच्या तक्त्यातले ९५ आणि ९९ टक्क्यांचे आकडे पाहा. एबी त्याच सर्व्हरवरून चालवलं असेल, तर ते आकडेही बाद; दुसऱ्या मशीनवरून चालवा. शिवाय एबी एकच पत्ता मागतं. पानावरची चित्रं, लॉगिन, अर्ज भरण्याचे टप्पे यांचा भार त्यात येत नाही. त्यासाठी जेमीटर किंवा के६ वापरा.