वाहनदुरुस्ती : कंपनीचे सर्व्हिस सेंटर की ओळखीचा मिस्त्री?

मालाचा टेंपो गॅरेजमध्ये अडकला की व्यापाऱ्याचे दुहेरी नुकसान होते. दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय तेवढ्या दिवसांचे भाडे बुडते आणि बांधलेले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळते. म्हणून गाडी कोठे टाकावी हा प्रश्न नुसत्या मजुरीच्या दरावर सोडविता येत नाही. आमच्या मते तो एकदाच ठरवून मोकळे होण्यासारखाही नाही. काम पाहून ठिकाण निवडावे.

वॉरंटी चालू असेतो इंजिन, गिअर बॉक्स व इलेक्ट्रॉनिक भागांच्या कामासाठी अधिकृत केंद्रच बरे, कारण सदोष भाग तेथेच फुकट बदलून मिळतो. पण बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला की सगळी वॉरंटी संपली, असे जे सांगितले जाते ते जसेच्या तसे मानू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून द्यावीत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे त्या आदेशात म्हटले होते. कंपन्या अपिलात गेल्या. तेव्हा त्या आदेशाच्या भरवशावर न राहता वॉरंटी पुस्तिकेतील अटी वाचाव्यात आणि तेल-फिल्टर बदलल्याची प्रत्येक पावती तारीख व किलोमीटरसह जपून ठेवावी.

वॉरंटी संपली की चित्र बदलते. आल्टरनेटर चार्जिंग करीत नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा अख्खे युनिट बदलतात. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते खोलून पाहतो. नुसते कार्बन ब्रश झिजले असतील तर तेवढेच बदलून गाडी त्याच दिवशी रस्त्यावर आणतो. क्लच, ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन ही कामेही जाणत्या मिस्त्रीच्या हातची आहेत. उलट एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांत सेन्सर व धूर गाळणारे फिल्टर आले. अशा गाडीत स्वस्त म्हणून भलत्याच दर्जाचे ऑईल टाकले तर तो महागडा फिल्टर चोंदतो. ज्याच्याकडे स्कॅनर नाही आणि जो अंदाजाने एकामागून एक सेन्सर बदलून पाहतो, त्याच्याकडे अशी गाडी नेऊ नये. मग तो कितीही घरचा माणूस असो!

कराकडे आपले बरेच व्यापारी दुर्लक्ष करतात. सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. नियमित नोंदणी असलेल्या आणि करपात्र धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. सर्वसाधारणपणे घरच्या मोटारीला ती नाही, कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यालाही नाही. मिस्त्री नोंदणीकृत नसेल तर महागडे भाग नोंदणीकृत दुकानातून स्वतःच्या नावाच्या बिलाने घ्यावेत आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्यावी. यात बनावट मालाचा धोकाही कमी होतो. दोन ठिकाणच्या अंदाजपत्रकांची तुलना करताना ही वजावट धरूनच हिशेब करावा.

सर्व्हिस सेंटरच्या बिलात 'इंजिन ट्रीटमेंट', 'कार्बन क्लीनिंग' अशी न मागितलेली कलमे घुसतात. ती आधीच लेखी नाकारावीत. गॅरेजमध्ये अडचण वेगळी असते. ओळखीमुळे दर विचारायचा संकोच होतो आणि शेवटी पैशांवरून संबंध बिघडतात. काम सुरू होण्यापूर्वी रक्कम कागदावर घ्यावी, जुना भाग परत मागावा. आमचे जे वाचक स्वतः गॅरेज चालवितात त्यांनी गिऱ्हाइकाने मागण्याची वाट पाहू नये. छापील बिल, त्यावर भागाचा नंबर आणि महिन्याभराची लेखी हमी एवढे दिले, तर वॉरंटी संपलेली गाडी आपल्याच दारी येईल.

अपघातग्रस्त गाडीचे मात्र वेगळे आहे. विमा कंपनीला कळवून सर्व्हेअरने पाहणी करेपर्यंत कोणालाही ती खोलू देऊ नये. विमा कंपनीच्या यादीतील केंद्रात कॅशलेस सोय असते. इतर गॅरेजमध्ये आधी खिशातून पैसे भरून नंतर दावा करावा लागतो. प्लास्टिक व रबरी भागांवर साधारण निम्मी घसारा वजावट होते, तेवढी रक्कम हाताशी ठेवावी.