नाव बदललं म्हणून वसाहत संपते का? (गोवा आणि पोर्तुगालची मुत्सद्देगिरी)



गोवा मुक्तिदिनाची माहिती सांगताना वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, देश १९४७ ला स्वतंत्र झाला, मग गोवा १९६१ ला का?" मी म्हणालो, "तिथे पोर्तुगीज होते ना!" ती लगेच म्हणाली, "मग इंग्रजांसारखे ते का नाही गेले?" माझं उत्तर अर्धवट होतं. घरी जाऊन वाचलं, ते थोडक्यात मांडतोय.

१) शब्दांचा खेळ : १९५१ मध्ये सालाझार सरकारने घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हटलं. म्हणजे गोवा वसाहत नाहीच, पोर्तुगालचाच भाग. मग सोडायचा प्रश्नच कुठे? भारताने वाटाघाटींचा आग्रह धरला, पण दाद मिळेना. शेवटी जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. याउलट फ्रान्सने बोलणी करून १ नोव्हेंबर १९५४ रोजी पुदुच्चेरीचा कारभार भारताकडे सोपवला.

२) मित्रांचा आधार : पोर्तुगाल १९४९ पासून 'नाटो'चा सदस्य. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनीही संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज 'प्रांत' असाच केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता!

३) न्यायालय : १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० च्या निकालात नागरिक व मालाच्या ये-जा करण्याचा पूर्वीचा हक्क मान्य झाला, सैन्याचा नाही. आणि भारताने नियम मोडला नाही असंही ठरलं.

४) शेवट : डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालचा 'प्रांत' हा दावा नाकारला. तरी पोर्तुगाल हटला नाही. १८-१९ डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईने गोवा मुक्त झाला. सुरक्षा परिषदेतला भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला. पोर्तुगालने हे सत्य स्वीकारलं थेट १९७४ मध्ये, हुकूमशाही कोसळल्यावर.

वर्गात करून बघा : एका मुलाच्या दप्तराला दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावा आणि विचारा, "आता दप्तर कोणाचं?" माझ्या वर्गात एकच गलका झाला. ती मुलगी म्हणाली, "चिठ्ठी कुणीपण लावेल, ज्याचं आहे त्याला विचारा की!"

गोव्यातल्या लोकांना पोर्तुगालने नेमकं हेच विचारलं नव्हतं. तुमची मुलं काय म्हणतात, नक्की कळवा.