अडसालीच्या आधी जमिनीचे पाहा



मृगाचा पाऊस पडला की गट कार्यालयात पहिली चौकशी होते ती बेण्याची. कोणती जात मिळणार, कधी मिळणार, नोंद कोणत्या तारखेची धरणार? जमिनीबद्दल विचारणारा सभासद मात्र विरळा. म्हणून या लेखात आम्ही बेण्याकडे मुद्दामच उशिरा येणार आहोत.

अडसालीची लागण १५ जुलै ते ऑगस्टअखेर. म्हणजे तरण्या-म्हाताऱ्याचा पाऊस ऐन जोरात असतो तेव्हा. हे पीक सोळा-अठरा महिने उभे राहणार, त्यानंतर खोडवा, कोणाकोणाचा निडवासुद्धा. एकदा ऊस उभा राहिला की तीन-चार वर्षे त्या रानात नांगर शिरत नाही. मग जमिनीची जी काय सेवा करायची ती लागणीच्या आधीच्या दोन महिन्यांत. आणि नेमके हेच दोन महिने रान मोकळे पडते, तण माजते आणि आपण पाऊस उघडायची वाट बघत बसतो.

पहिले काम पाण्याला वाट करून देण्याचे. काळ्या भारी रानात सरीत पाणी तुंबून राहिले की टिपरीचा डोळा कुजतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तूट पडली की नांगे भरता येतात. पण निचरा नसलेल्या रानात जमिनीखालच्या पाण्याची पातळी दरवर्षी वर सरकते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार तेवढे वर शिल्लक राहतात. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत नदीकाठची एके काळची सोन्यासारखी राने अशीच पांढरी पडली. त्यांना पाणी कमी पडले नव्हते, उलट जास्त झाले होते.

आपल्या रानाची परीक्षा सोपी आहे. सखल बाजूला तीन फूट खोल खड्डा घ्यावा आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी जाऊन पाहावा. त्यात पाणी उभे असेल तर आधी चर काढा, लागणीचे नंतर बोलू. सऱ्यांना अगदी बेताचा उतार द्यावा आणि त्यांची तोंडे चराला मिळावीत. चर मात्र ओढ्यापर्यंत गेला पाहिजे. शेजाऱ्याच्या बांधाला नेऊन सोडला तर निचरा होत नाही, तंटा होतो. चार-पाच जणांनी मिळून सामाईक चर काढणे खर्चालाही परवडते. काही सभासद चोपण रानात जिप्समची पोती रिकामी करतात आणि गुण आला नाही म्हणतात. जिप्सममुळे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सुटतो, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. चर नसेल तर तो तिथेच राहतो आणि पैसे मातीत जातात.

ज्यांची राने २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराखाली होती त्यांनी तिथे अडसालीचा हट्ट धरू नये असे आमचे मत आहे. कोवळा ऊस शेंड्यावरून पाणी गेल्यावर तग धरत नाही. तिथे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण बरी.

आता ताग. मृगाच्या पावसावर एकरी वीस ते पंचवीस किलो बी पेरावे, आधी एक पोते सुपर फॉस्फेट द्यावे. पाणी धरणाऱ्या किंवा चोपण रानात तागापेक्षा धैंचा चांगला, तो ओल सोसतो. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, फुलकळी दिसू लागताच गाडावा. फूल धरेपर्यंत थांबू नये. ज्या खोडाचे दोर वळतात ते जून झाल्यावर मातीत लवकर कसे कुजेल? गाडणीच्या वेळी पाऊस उघडत नसेल तर ताग कापून जागच्या जागी पसरावा आणि वाफसा आल्यावर गाडावा. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की खाली घट्ट थर बसतो, मग तागाने कमावलेले चाकाने जाते. गाडल्यावर तीन आठवडे तरी कुजू द्यावे. अर्धवट कुजलेल्या पाल्यात टिपरी टाकली तर उगवण मार खाते.

इथे सभासद म्हणतात, "साहेब, हिशेब करा की! दहा जूनला पेरला, पंचवीस जुलैला गाडला, लागण गेली पंधरा ऑगस्टच्या पुढे. तोडीची पाळी मागं पडली तर?" शंका रास्त आहे. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो, हे आम्ही नाकारत नाही. त्यावर उपाय रोपांचा. रानात ताग उभा असतानाच घराजवळ किंवा विहिरीच्या कडेला उंचवट्यावर गादीवाफे करावेत. मीटरभर रुंद, वीतभर उंच, लांबी सोयीप्रमाणे. मातीत चाळलेले शेणखत किंवा कुजलेली मळी मिसळावी. वाफा उंच हवा तो याच पावसासाठी. सपाट वाफ्यात जुलैचे पाणी साचते आणि रोपे पिवळी पडतात. दहा-अकरा महिन्यांच्या निरोगी बेणेमळ्यातील एक डोळ्याच्या टिपऱ्या, बेणेप्रक्रिया करून, १० ते १५ जुलैच्या दरम्यान डोळा वर ठेवून लावाव्यात आणि बोटभर मातीने झाकाव्यात. ताग कुजून रान तयार होईपर्यंत महिन्या-सव्वा महिन्याचे रोप हाती येते. लागण तारखेने पंधरवडा मागे गेली तरी उसाचे वय मागे राहत नाही. पाच फुटी सरीत दीड फुटावर एक रोप धरल्यास एकरी सुमारे ५,८०० रोपे लागतात. मरतुकीसाठी थोडी जास्त करावीत. रोपे उपटू नयेत, मातीसकट काढावीत, पानांचे शेंडे छाटावेत आणि पाऊस नसेल तर लावल्याबरोबर पाणी द्यावे.

ज्यांना टिपरीचीच लागण करायची आहे त्यांनी भारी रानात कोरडी लागण करावी आणि नंतर हलके पाणी द्यावे. चिखलात पायाने दाबलेली टिपरी खोल जाते आणि उगवून वर येत नाही. ओली लागण हलक्या रानातच शोभते.

वाफसा ओळखण्यासाठी सरीच्या तळाची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. फुटला तर कामाला लागा. चपटा होऊन बसला तर घरी परत या, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर कितीही जोरात चाललेला असो.

ज्यांच्या रानात ताग हुकला आहे त्यांच्याकडे शेवटच्या खोडव्याचे पाचट असते. एकरी तीन-चार टन पाचट काडी लावून धूर करण्यापेक्षा बारीक करून रानातच ठेवावे. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकून ओल राखावी. मातीचा नमुना मात्र खते टाकण्यापूर्वीच घ्यावा आणि पिशवीवर गट नंबर लिहून गट कार्यालयात द्यावा. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याशेजारची माती त्यात घेऊ नये.