दिवा का लागला नाही?

लग्नात फोटो काढताना लख्खकन् उजेड पडतो. तो तुम्ही पाहिला असेल. त्या दिव्याला फ्लॅश म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी फोटो काढतो. त्याच्याजवळ दोन फ्लॅश आहेत. एक कॅमेऱ्यावर बसतो. दुसरा बाजूला उभा असतो. पहिला पेटला की दुसराही त्याच क्षणी पेटावा, म्हणून त्याने घरीच एक डबी बनवली. डबीत उजेड ओळखणारा बारीक भाग आहे. त्याला आपण डबीचा डोळा म्हणू.

घरी डबी छान चालली. पण लग्नाच्या मांडवात बाजूचा फ्लॅश पेटेना. मुहूर्त जवळ आला होता. अक्षता काही दोनदा पडत नाहीत! पोरगा घाबरला. तो फ्लॅशच खोलायला निघाला.

मी म्हणालो, "अरे थांब! फ्लॅश उघडू नकोस."

असे का बरे? फ्लॅशच्या पोटात कंडेन्सर असतो. तो वीज साठवतो. तिचा दाब सुमारे ३०० व्होल्ट असतो. घरातली वीज २३० व्होल्टची. फ्लॅश बंद केला, सेल काढले, तरी ही वीज आत काही काळ राहते. तिचा झटका जिवावर बेतू शकतो.

मग आम्ही एकेक गोष्ट पाहिली. फ्लॅशचे चाचणीचे बटण दाबले. तो पेटला. म्हणजे फ्लॅश चांगला. डबीतला सेल बदलला. फरक नाही. तार ओढून पाहिली. ती घट्ट होती.

"मग घरात आणि इथे फरक काय?" मी विचारले.

तो वर पाहू लागला. "गुरुजी, ऊन!"

मांडवाच्या फटीतून ऊन थेट डबीच्या डोळ्यावर पडत होते. उन्हाने डोळा आधीच दिपला होता. त्याला फ्लॅशचा उजेड वेगळा कसा कळणार? आम्ही पुठ्ठा बांधून वरून सावली केली. डोळ्याचे तोंड कॅमेऱ्याकडेच ठेवले. दोन्ही फ्लॅश एकदम पेटले. अक्षता पडल्या आणि फोटोही निघाला.

मंडळी, कोणतेही यंत्र अडले तर लगेच खोलू नका. आधी सोपे ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि स्वतःला विचारा, काल चालत होते, मग आज काय बदलले?

सांगा पाहू :
१. फ्लॅश का उघडू नये?
२. डबीचा डोळा कशाने दिपला?